सिंहाचा छाप असलेल्या पिस्तुलाला वेल्डिंग करू नका

बर्मिंगहॅमजवळच्या सोलिहलहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

«मी मूळचा वाईचा. बरीच वर्षं इकडे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. इतिहासाचं वेड लहानपणापासूनचं. आता हाताशी थोडे पैसे आहेत, म्हणून जुनी पिस्तुलं जमवावीत असं मनात आहे. आमच्या शेजारच्या आजोबांकडे त्यांच्या आजोबांचं पहिल्या महायुद्धातलं वेब्ली रिव्हॉल्व्हर आहे. १९९१ मध्ये रीतसर डीॲक्टिव्हेट, म्हणजे बार निघणार नाही असं निकामी केलेलं, तसं सर्टिफिकेटही आहे. ते मला भेट म्हणून देतो म्हणतात. दुसरं म्हणजे एका डीलरकडे ईस्ट इंडिया कंपनीचं, चापाच्या (म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवर सिंहाचा छाप असलेलं, गारगोटीच्या ठिणगीने बार उडणारं पिस्तूल पाहिलं. तो म्हणाला, घरचे घाबरत असतील तर हेही डीॲक्टिव्हेट करून देतो. बायको ठाम आहे की घरात बंदूक नको. मुलगा तेरा वर्षांचा, त्याला फार उत्साह. दसऱ्याला मंडळाच्या हॉलमध्ये शस्त्रपूजेला पिस्तूल मांडायचं त्याच्या डोक्यात आहे. पाच-सहा वर्षांनी आम्ही कायमचे परत येणार. तेव्हा संग्रह बरोबर आणता येईल का? आणि जाता जाता विचारतो, वाईच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचं ठासणीचं पिस्तूल आहे, चाप मोडलेला. तिथे आई एकटीच असते. ते इकडे आणून नीट करून घेता येईल का?»

नमस्कार.

तुम्ही ‘जाता जाता’ म्हणून जे विचारलंत तिथूनच सुरुवात करतो. तुमच्या अख्ख्या पत्रात घाई करण्यासारखी गोष्ट ती एकच आहे, आणि तिचा भार सध्या तुमच्या आईंवर आहे.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे. पिस्तूल ठासणीचं असलं तरी ते अग्निशस्त्रच, आणि ते परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. पणजोबांच्या काळापासून ते त्याच ट्रंकेत आहे, कुणी कधी हात लावला नाही, या गोष्टीने कायद्यापुढे फारसा फरक पडत नाही. लोक कलम ४५ चं नाव काढून निर्धास्त होतात. त्या कलमात जुन्या घाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण तिला एक अट जोडलेली आहे. ते शस्त्र दुरुस्ती करूनही चालवता येणार नाही अशा स्थितीत असलं पाहिजे. तुमच्या पिस्तुलाचा चाप मोडला आहे. चाप बदलता येतो, एखादा हुशार लोहारही तो घडवून बसवू शकतो. त्यामुळे ‘मोडकं आहे, चालत नाही’ हे तुमचं म्हणणं पुरेसं नाही. ते सुटीत बसतं की नाही याचा निर्णय शेवटी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या शस्त्रतज्ज्ञाच्या अहवालावर होतो, घरातल्या कुणाच्या अंदाजावर नाही.

त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. ठासणीच्या जुन्या हत्यारांत पुष्कळदा बार भरलेला तसाच राहिलेला असतो. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्पिढ्या जिवंत राहते. पणजोबांनी रानडुकरासाठी किंवा दरोडेखोरांच्या धास्तीने भरून ठेवलं असेल आणि मग ते विसरून गेलं असेल, हे सहज शक्य आहे. म्हणून आईंना आजच फोन करा. ट्रंक उघडू नका, पिस्तूल पुसायला काढू नका, नळीत काही घालून बघू नका, उन्हात ठेवू नका आणि शेजारच्या मुलाला ‘जरा बघ रे’ म्हणून दाखवू नका, एवढं त्यांना सांगा. वेल्डिंगवाल्याकडे नेऊन नळी बुजवून आणण्याचा सल्ला गावात कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. भरलेल्या नळीला आच लागली तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय शस्त्राची अशी मोडतोड-जोडतोड परवान्याशिवाय करणं हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो.

पुढची वाट सरळ आहे. वाई किंवा साताऱ्यातला एखादा वकील गाठा. शस्त्र कुणाचं, कधीपासून घरात आहे, आत्ता कसं लक्षात आलं, एवढं लिहून अर्ज तयार करा आणि पोलिसांना आधी कळवून, त्यांच्या माणसांकडूनच ते उचलून घ्या. कलम २१ खाली शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करता येतं. जमा केल्याची पावती घ्या आणि ती जिवापाड जपा. वारस म्हणून परवाना मागायचा असेल तर त्या पावतीपासूनच सगळं सुरू होतं, आणि ठरलेल्या मुदतीत कुणी हक्क सांगितला नाही तर जमा शस्त्र सरकारजमा होऊ शकतं. त्याच वेळी घरातले जुने कागद चाळा. इंग्रजी अमदानीत १८७८ चा शस्त्र कायदा होता. त्याखालचा पणजोबांचा एखादा परवाना, एखादं नूतनीकरणाचं चिठोरं जरी सापडलं तरी तुमच्या अर्जाला वजन येईल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला, वारसाहक्काची धरूनही, दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. आणि परवाना झाला तरी आई एकट्या असताना ते घरात हवंच कशाला, हाही विचार करा. माझ्या मते परवाना अधिकाऱ्याच्या परवानगीने ते साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या एखाद्या वस्तुसंग्रहालयाला द्यावं. पणजोबांचं नाव पाटीवर येईल आणि पुढच्या पिढीच्या डोक्यावर त्याचा बोजा राहणार नाही.

ते इंग्लंडला आणायचा विचार मात्र सोडून द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शस्त्र कायद्याची अडचण आहे ती वेगळीच.

आता तुमच्या शेजारच्या आजोबांचं वेब्ली. इथे मी सावध करणार आहे, कारण देणाऱ्याचं मन साफ आहे आणि नेमकी तिथेच माणसं फसतात.

वेब्लीचं ते महायुद्धातलं रिव्हॉल्व्हर म्हणजे मार्क ६, .४५५ बोअरचं असणार. ते काडतूस ब्रिटनच्या कालबाह्य काडतुसांच्या यादीत नाही. म्हणजे जुनं असूनही हे हत्यार तिथल्या कायद्यात ‘पुरातन’ ठरत नाही आणि निकामी केल्याशिवाय ते तुम्हाला घरात ठेवता येणार नाही. तसं ते १९९१ मध्ये केलेलं आहे. १९८८ च्या कायद्याने ही सोय केली. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसने, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या अधिकृत संस्थेने, तपासायचं, छाप मारायचा आणि सर्टिफिकेट द्यायचं, अशी ती पद्धत. पण निकामी करण्याचे नियम त्यानंतर पुन्हा पुन्हा कडक होत गेले, १९९५ मध्ये, २०१० मध्ये, आणि २०१६ मध्ये युरोपभर एकच नियम आला तेव्हा तर फारच. जुन्या नियमाने निकामी केलेल्या हत्यारांचे भाग हलतात, घोडा ओढता येतो, चक्र फिरतं. संग्राहकांना तीच आवडतात. सरकारला धास्ती वाटते तीही त्यांचीच, कारण त्यातली काही पुन्हा चालू करता येतील अशी शंका घ्यायला जागा असते.

म्हणून २०१७ पासून असा नियम आहे की जुन्या पद्धतीने निकामी केलेलं हत्यार मालकाने आपल्याकडे ठेवायला हरकत नाही, पण आजच्या नियमांत बसत नसेल तर ते विकायचं नाही आणि भेटही द्यायचं नाही. भेट हा शब्द कायद्यात स्पष्ट आहे. गुन्हा देणाऱ्याच्या माथी येतो. म्हणजे तुम्ही हौसेने ‘घेतो’ म्हणालात तर अडकतील ते तुमचे म्हातारे शेजारी. त्यांना हे ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त आहे, कारण त्यांच्या हातात सर्टिफिकेट आहे आणि त्यावर छापही आहे. त्यांच्याकडे चहाला जा आणि नीट समजावून सांगा. त्यांना खरंच तुम्हाला द्यायचं असेल तर नोंदणीकृत डीलरकडून आजच्या नियमाप्रमाणे पुन्हा निकामी करून, प्रूफ हाऊसचं नवं सर्टिफिकेट घेऊन मगच द्यावं. त्यात नळीत कडक पोलादी सळी घालून वेल्ड करतात, चक्र आणि चाप जागच्या जागी बसवून टाकतात. मग ते नुसतं बघायचं होतं. त्यांच्या आजोबांची आठवण म्हणून त्यांना ते तसं चालणार आहे का, हे त्यांनाच ठरवू द्या. कदाचित आपल्या हयातीत ते जसं आहे तसंच जवळ ठेवावं असं त्यांना वाटेल, आणि मला विचाराल तर तेच बरं. देवघेव झालीच तर २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे ती गृह खात्याला कळवावी लागते. ते विसरू नका. आणि सर्टिफिकेटवरचा क्रमांक, हत्यारावरचा क्रमांक आणि प्रूफ हाऊसचा छाप हे तिन्ही आपल्या डोळ्यांनी जुळवून पाहा.

निकामी हत्यार पुन्हा हलतं करून बघण्याचा मोह तुमच्यासारख्या इंजिनिअर माणसाला होऊ शकतो, म्हणून लिहून ठेवतो. बंदी असलेलं पिस्तूल जवळ सापडलं तर तिथे प्रौढ माणसाला, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडता, किमान ५ वर्षांची कैद आहे. ‘नुसतं घरातल्या घरात खोलून बघत होतो’ हा त्यावर बचाव होत नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे पत्र निवडलं ते सिंहाचं पिस्तूल.

डीलरचं ऐकू नका. ते पिस्तूल खरं असेल तर त्याला निकामी करण्याची कायद्याला काडीचीही गरज नाही. ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्यात कलम ५८ मध्ये स्वच्छ तरतूद आहे. पुरातन शस्त्र शोभेची वस्तू किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून घेतलं, विकलं, जवळ ठेवलं तर त्याला परवाना लागत नाही. पुरातन कशाला म्हणायचं ते २०२१ च्या नियमांनी पक्कं केलं. १ सप्टेंबर १९३९ च्या आधी बनलेलं हवं, आणि एकतर त्याचं काडतूस कालबाह्य यादीतलं हवं, नाहीतर ते तोंडाकडून ठासायचं किंवा तशाच जुन्या पेटवणीच्या पद्धतीचं हवं. गारगोटीचं पिस्तूल या व्याख्येत अगदी मधोमध बसतं. म्हणजे ज्या गोष्टीला मोकळीक आहे तिचाच जीव घ्यायचा सल्ला तुम्हाला दिला जातो आहे. नळीला खाच पाडायची, सळी घालून वेल्ड करायची, त्या आचेने दोनशे वर्षांचा लोखंडावरचा रंग उडवायचा, चाप कायमचा बुजवायचा. हे केल्यावर ते परत कधीच जोडता येत नाही. किंमत जाते हे खरं, पण मला दुःख किमतीचं नाही. त्या चापाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, ज्या कारागिराने कानशीने स्प्रिंग घासून बसवली त्याचं काम आपण आपल्या पैशाने मोडून टाकतो, याचं वाईट वाटतं.

आणि ते काम आपल्या इतिहासाचा भाग आहे. कंपनीच्या शस्त्रांवर आधी बदामाच्या आकाराचं व्यापारी चिन्ह असे, गठ्ठ्यांवर मारायचं तेच. १८०८ च्या सुमारास त्या जागी पुढचे पाय उचलून उभा राहिलेला सिंह आला. म्हणजे सिंहाचं तुमचं पिस्तूल असईच्या १८०३ च्या लढाईतलं नसणार, पण १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेसमोर जी पलटण उभी होती तिच्या काळातलं असू शकतं. ‘असू शकतं’ एवढंच म्हणा. डीलर त्याला थेट खडकीला नेऊन ठेवील आणि किंमत वाढवील. कागद नसेल तर ती गोष्ट पैसे देऊन विकत घेऊ नका. गज, म्हणजे बार ठासायची सळई, पाहा. घोडेस्वाराच्या पिस्तुलाचा गज नळीच्या टोकाशी फिरत्या कडीत अडकवलेला असतो, म्हणजे दौडत्या घोड्यावर ठासताना तो हातातून पडत नाही. ते पाहिलं की वापरणाऱ्याचा हात डोळ्यांपुढे येतो. अशी पुष्कळ शस्त्रं बर्मिंगहॅमच्या ज्या गन क्वार्टरमध्ये, म्हणजे बंदूक कारागिरांच्या वस्तीत, बनली ते तुमच्या घरापासून काही मैलांवर आहे. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं आहे आणि आजही तिथे काम चालतं. कंपनीच्या फौजेला आणि आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारालाही याच गल्ल्यांमधून बंदुका गेल्या. संग्राहकाने ते विसरू नये.

‘खरं असेल तर’ असं मी म्हटलं ते मुद्दाम. सिंहाचे आणि ब्रिटिश सरकारी शस्त्रांवरच्या ‘टॉवर’चे खोटे छाप मारलेली पिस्तुलं बाजारात भरपूर आहेत, त्यातली बरीच आपल्याच देशात पर्यटकांसाठी बनलेली. इथे फसवणूक फक्त पैशांची राहत नाही. नव्याने बनवलेलं, बार काढू शकणारं ठासणीचं पिस्तूल दिसायला कितीही जुनं असलं तरी ‘पुरातन’ ठरत नाही. त्याला सर्टिफिकेट लागतं, आणि ते तुमच्याकडे नसेल तर तुम्ही बेकायदा शस्त्र बाळगता आहात. म्हणून घेण्याआधी डीलरकडून चाप उतरवून आतली बाजू पाहायला मागा. खऱ्या चापाच्या आतल्या भागांवर कारागिरांच्या खुणा, कानशीचे ओरखडे, जुनं तेल जाऊन काळवंडलेले कोपरे दिसतात. नकलेत आतली बाजू ओबडधोबड आणि बाहेरची मुद्दाम जुनी केलेली असते. गंज सगळीकडे सारखाच पसरलेला दिसला तर शंका घ्या. छापाची अक्षरं खोल आणि धारदार, पण आजूबाजूचा पृष्ठभाग झिजलेला, असं असेल तर पाठ फिरवा. नळीत लाकडी काठी घालून खोली मोजा आणि तेवढंच माप बाहेरून कानापर्यंत, म्हणजे बार पेटवायच्या रंजकेच्या छिद्रापर्यंत लावून पाहा. काठी आधीच अडली तर आत बार आहे. मग ते डीलरनेच जाणकाराकडून मोकळं करून घ्यायचं, तुम्ही नाही.

बिलावर वर्णन पूर्ण लिहून घ्या, म्हणजे काय आहे, साधारण कोणत्या काळातलं, कोणत्या पेटवणीचं, आणि कलम ५८ खाली शोभेची वस्तू म्हणून विकलं आहे असा उल्लेख. दारू, गोळ्या, बार पेटवायच्या टोप्या यातलं काहीही घरात आणू नका. शोभेची वस्तू आहे हे तुमच्या वागण्यावरून दिसलं पाहिजे, आणि शेजारी दारूचा डबा असेल तर ते दिसत नाही. ज्याला खरोखर बार काढायचा आहे त्याने फायरआर्म सर्टिफिकेट घ्यावं, काळ्या दारूसाठी वेगळं सर्टिफिकेट घ्यावं आणि क्लबात जावं. तो वेगळा छंद आहे.

आणखी एक. सुरुवातीला काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरकडे वळू नका, ते आज यादीत बसत असलं तरी. २०२१ मध्ये त्या यादीतून ७ काडतुसं काढून टाकली. .४४ रशियन, .४१ कोल्ट, .३२० ब्रिटिश अशी ती होती. मार्चमध्ये नियम आला आणि सहा महिन्यांत मालकांनी सर्टिफिकेट घ्यायचं, विकायचं किंवा पोलिसांकडे जमा करायचं असं झालं. कारण खोटं नव्हतं. गुन्हेगार या जुन्या रिव्हॉल्व्हरांसाठी हाताने काडतुसं बनवून घेत होते, आणि तुमच्याच भागातल्या पोलिसांनी अशा तपासात एका परवानाधारक डीलरला पकडलं, त्याला २०१७ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली. प्रामाणिक संग्राहकांना त्याचा त्रास झाला, पण मी सरकारला दोष देत नाही. ठासणीच्या पिस्तुलांना असा काडतुसांच्या यादीचा धोका नाही, म्हणून नवख्याने तिथेच राहावं.

आता वहिनींचं म्हणणं. तुम्ही पत्रात त्यांना एक ओळ दिलीत, मी जरा जास्त देणार आहे.

१३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावात एका माणसाने प्राथमिक शाळेत शिरून १६ मुलं आणि त्यांच्या बाईंना पिस्तुलांनी मारलं. त्याची पिस्तुलं परवान्याची होती. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनने दोन कायदे करून खाजगी हातातली पिस्तुलं जवळजवळ संपवली. ज्या समाजात तुम्ही मुलगा वाढवता आहात त्या समाजाच्या मनात पिस्तूल म्हटल्यावर ती शाळा येते. वहिनींना कायद्याची कलमं ठाऊक नसतील, पण त्यांची भीती निराधार नाही. तिला ‘अगं, ते चालत नाही’ हे उत्तर पुरत नाही. त्यांचं न ऐकता पिस्तूल घरी आणू नका, आणून मग समजूत घालू असंही करू नका. घर दोघांचं आहे, आणि या बाबतीत दोघांपैकी एकाचा नकार पुरेसा मानावा असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याआधी तिघं मिळून लीड्सला जा. रॉयल आर्मरीज हे राष्ट्रीय शस्त्रसंग्रहालय आहे, प्रवेश फुकट आहे, आणि भारतातली शस्त्रं तिथे उत्तम मांडली आहेत. वहिनींना काय खुपतं ते तिथे बोलता येईल. वस्तूच नको आहे की ती मुलाच्या हाती लागेल याची काळजी आहे, की शेजारपाजार काय म्हणेल याची? पहिलं असेल तर विषय संपला. तुम्ही चापांचे जुने नकाशे, कारागिरांच्या याद्या, लिलावांचे कॅटलॉग जमवा, त्यातही आयुष्य जाईल इतकं आहे. दुसरं किंवा तिसरं असेल तर उपाय आहेत. पिस्तूल कुलपाच्या कपाटात, रस्त्यावरून दिसणार नाही अशा खोलीत. घोडा पडलेला. गारगोटी काढून तिथे लाकडाचा तुकडा बसवलेला. किल्ली मुलाला ठाऊक नसावी. घराच्या विम्यात लेखी नोंद. हे सगळं वहिनींसमोर ठरवा आणि त्यांना बदल सुचवू द्या. त्यांची भीती घालवायला पिस्तूल वेल्ड करण्याची गरज नाही, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे द्या.

मुलाशी मात्र तुम्हीच बोला, आणि लवकर. तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती फोन असतो. पिस्तुलाबरोबरचा एक फोटो वर्गाच्या ग्रुपवर गेला तर शाळा पोलिसांना कळवणार, आणि तिथले पोलीस अशा वेळी सशस्त्र येतात. फोटो काढायचा नाही, बाहेर न्यायचं नाही, मित्रांना दाखवायला कपाट उघडायचं नाही. याबद्दल त्याला धाकात ठेवण्यापेक्षा डनब्लेनची गोष्ट सरळ सांगा, तो समजण्याच्या वयाचा आहे.

मंडळाच्या हॉलमधली शस्त्रपूजा म्हणूनच नको. सार्वजनिक जागी बंदूक, निकामी केलेली असो वा नुसती हुबेहूब नक्कल, योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं तिथे गुन्हा आहे. पूजा हे योग्य कारण ठरेलही, पण ते ठरेपर्यंत तुम्ही पोलीस ठाण्यात बसलेले असाल आणि मंडळाला तो हॉल पुन्हा मिळणार नाही. खंडेनवमीला घरच्या देवघरापुढे, पडदे ओढून, वहिनींची हरकत नसेल तर पिस्तुलाला हळदकुंकू वाहा. नाहीतर तुम्ही इंजिनिअर आहात, तुमचं कॅलिपर आणि पान्यांचा संच पूजेला ठेवा. आपल्याकडे कारखान्यांतून तीच पद्धत आहे.

राहिला परत येण्याचा प्रश्न. संग्रह बरोबर आणू नका असं मी सांगेन. तिथे कलम ५८ मुळे मोकळं असलेलं सिंहाचं पिस्तूल मुंबईच्या विमानतळावर परवाना लागणारं अग्निशस्त्र होतं. शस्त्र आयात करायला भारतात वेगळा परवाना लागतो. प्रूफ हाऊसचं सर्टिफिकेट दाखवून निकामी केलेलं हत्यारही सुटेल असं समजू नका. त्या कागदावर इथला अधिकारी बांधील नाही, त्याला कलम ४५ ची कसोटी स्वतंत्रपणे लावावी लागते, आणि तोवर तुमचं सामान आणि कदाचित तुम्हीही अडकून पडाल. घरसामानाच्या कंटेनरमध्ये भांड्यांबरोबर बांधून पाठवायचा सल्ला देणारे भेटतील. ते स्वतः काही त्या कंटेनरच्या कागदांवर सही करणार नाहीत.

तेव्हा आत्ता एक-दोनच नग घ्या, चांगले घ्या, आणि ज्या लिलावगृहात घ्याल तिथेच परत विकता येतील इतके कागद जपा. प्रत्येक नगाची एक वही करा, तीत चापाच्या आतल्या खुणांचे फोटो, नळीवरचे छाप, मापं, कुठून आलं, आधी कुणाकडे होतं, हे सगळं मराठीत लिहा. कंपनीच्या फौजेच्या शस्त्रांवर मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे. ती वही मात्र तुम्ही बिनदिक्कत बॅगेत घालून वाईला आणू शकता. खरेदीआधी एखादी शंका राहिली तर वेस्ट मिडलंड्स पोलिसांच्या फायरआर्म्स लायसन्सिंग विभागाला लेखी विचारा आणि त्यांचं उत्तर त्याच वहीत चिकटवून ठेवा.